सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारची वाट

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या कित्येक छोट्या गावांत एक यादी वाचली जाते. गावातल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची यादी. नाव, उंची, वजन, कितव्या वर्षाला आहे, कुठल्या गावचा आहे. बस्स, एवढंच. पण आपल्याकडे पूर्वी बोर्डाची गुणवत्ता यादी पेपरात आली की लोक जसे आडनावांवरून बोट फिरवत बसायचे, तशी ही यादी तिथे वाचली जाते. गेल्या वर्षीचा क्वार्टरबॅक पदवी घेऊन गेला, आता त्याच्या जागी कोण? शेतकऱ्याचा तो दांडगा पोरगा तिसऱ्या वर्षाला आलाय, यंदा तरी त्याला पहिल्या अकरांत घेणार का? आणि ह्या तीस-चाळीस नव्या पोरांपैकी ऑक्टोबरपर्यंत टिकणार किती?

ही चर्चा करणारी मंडळी म्हणजे निवृत्त शिक्षक, दुकानदार, खेळाडूंचे आईबाप आणि चाळीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर गुडघे फोडून घेतलेले आजोबा. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो, सप्टेंबरच्या सुरुवातीच्या एखाद्या शनिवारी पहिली मॅच. मग नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एकूण दहा सामने, त्यातले साधारण पाच घरच्या मैदानावर. म्हणजे वर्षातल्या पाच दुपारांसाठी ही माणसं उरलेलं वर्ष वाट बघतात!

घरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. फुटबॉल म्हटल्यावर मेस्सी डोळ्यांसमोर आला असेल तर त्याला जरा बाजूला बसवा. हा अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर गाद्या, आणि पायांपेक्षा हातांचाच उपयोग जास्त. टीव्हीवर दिसतो तो मोठ्या विद्यापीठांचा फुटबॉल. लाख-लाख माणसं बसतील अशी स्टेडियम्स, कोट्यवधी डॉलर कमावणारे कोच. २०२५ पासून तर तिथे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. मी लिहितोय तो फुटबॉल वेगळा. ह्याला डिव्हिजन थ्री म्हणतात. १९७३ साली ही वर्गवारी झाली. हिचा मुख्य नियम असा की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. म्हणजे खेळाडू स्वतः फी भरून शिकतो, वर्ग बुडवता येत नाहीत, आणि चार वर्षं मार खाऊन शेवटी अकाउंटंट किंवा शाळामास्तर होतो. अशी फुटबॉल खेळणारी कॉलेजं अडीचशेच्या घरात आहेत. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिर दणाणून सोडणाऱ्या मुलांपैकी कितीजण पुढे नट होतात? पण म्हणून 'आव्वाज कुणाचा' कमी होत नाही ना? तसंच हे.

मला बरेच दिवस प्रश्न पडायचा, की ह्यात एवढी आतुरता कसली? पैसा नाही, टीव्ही नाही, खेळाचा दर्जाही मध्यम. थोडा इतिहास वाचला तेव्हा उत्तर हळूहळू लक्षात आलं. पुढचा हंगाम येणारच, अशी खात्री ह्या खेळाला कधी नव्हतीच. तो अनेकदा बंद पडता पडता वाचलाय, आणि काही ठिकाणी खरोखरच बंद पडलाय. छोट्या कॉलेजच्या चाहत्यांना ही गोष्ट मोठ्यांपेक्षा जास्त चांगली ठाऊक आहे.

सुरुवात १८६९ ची. ६ नोव्हेंबरला न्यू जर्सीमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन कॉलेजांत पहिली मॅच झाली. प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू, रटगर्स ६-४ ने जिंकलं. म्हणजे हा खेळ कॉलेजच्या पोरांनीच सुरू केला, धंदेवाईक लीग फार नंतरची. पण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत तो इतका रानटी झाला की १९०५ च्या एका हंगामात देशभरात किमान अठरा तरुण खेळताना दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि खेळ सुधारा म्हणून सांगितलं. कोलंबिया विद्यापीठाने तर फुटबॉल बंदच करून टाकला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. १९०६ चा हंगाम होणार की नाही, अशी परिस्थिती होती.

तो झाला, कारण नियम बदलले. सगळ्यात मोठा बदल म्हणजे चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. तोपर्यंत चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं, एवढंच होतं. आणि हा पुढे फेकलेला पहिला कायदेशीर चेंडू कुठे उडाला? विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावात, कॅरोल कॉलेज नावाच्या छोट्याशा कॉलेजच्या मैदानावर. ५ सप्टेंबर १९०६, पाहुणी टीम सेंट लुईस विद्यापीठाची, फेकणारा ब्रॅडबरी रॉबिन्सन. गंमत म्हणजे तो पहिला चेंडू कुणालाच झेलता आला नाही, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो कॅरोलला देऊन टाकावा लागला! पुढे त्याच मॅचमध्ये रॉबिन्सनने दुसरा फेकला, तो जॅक श्नायडरने झेलला आणि गुण मिळाले. कॅरोल २२-० ने हरलं. आज टीव्हीवर दिसणारे सगळे लांबलचक झोकदार पास त्या दुपारपासून सुरू झाले. कॅरोल आजही खेळतं, डिव्हिजन थ्रीमध्येच.

दुसरी गोष्ट केंटकी राज्यातल्या डॅनव्हिलची. तिथे सेंटर कॉलेज आहे. १९२१ साली तिथले विद्यार्थी जेमतेम अडीच-तीनशे. आपल्याकडच्या एखाद्या शाळेच्या दोन-चार तुकड्यांत मावतील एवढे! त्यांनी हार्वर्डशी मॅच घेतली. हार्वर्ड तेव्हा देशातल्या सर्वोत्तम टीमपैकी एक, १९२० च्या जानेवारीत रोझ बोल जिंकून आलेली आणि त्यानंतरही न हरलेली. त्याआधीच्या वर्षी सेंटर तिथे जाऊन ३१-१४ ने हरलंही होतं. तरी ही पोरं वर्षभर सराव करून पुन्हा आगगाडीत बसून बॉस्टनकडे निघाली. २९ ऑक्टोबर १९२१, प्रेक्षक चाळीस हजारांच्या वर. अर्ध्या वेळेपर्यंत शून्य-शून्य. मग बो मॅकमिलिन हा त्यांचा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन ३२ यार्ड पळाला आणि सेंटर ६-० ने जिंकलं.

गावात वेड लागल्यासारखं झालं. विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्राच्या सूत्रासारखं 'सी ६ एच ०' असं जिथे तिथे रंगवलं. सी म्हणजे सेंटर, एच म्हणजे हार्वर्ड. शंभर वर्षं उलटून गेली, तरी कॉलेजच्या एका इमारतीच्या भिंतीवर ते सूत्र जपून ठेवलंय. १९५० साली असोसिएटेड प्रेसने शतकाच्या पूर्वार्धातले सगळ्यात धक्कादायक निकाल निवडले, त्यात हा होताच. सेंटर आता डिव्हिजन थ्रीत आहे. हार्वर्डशी पुन्हा गाठ पडण्याचा प्रश्न नाही. पण ती भिंत अजूनही तिथे आहे.

ह्याच कॉलेजात अजून एक भारी प्रथा आहे. अमेरिकेचे माजी सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन इथले विद्यार्थी. १९५३ साली ते वारले. तेव्हापासून त्यांच्या फ्रॅटर्निटीतली मुलं त्यांची तसबीर मॅचला घेऊन येतात आणि चांगल्या जागी ठेवतात, त्यांना नीट दिसावं म्हणून. तसबिरीचं नाव 'डेड फ्रेड'. नाव चेष्टेचं आहे, पण पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना त्यातली भावना समजावून सांगायला नको.

आता शिकागो विद्यापीठाची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. १८९२ मध्ये विद्यापीठ उघडलं तेव्हाच तिथे एमॉस अलोन्झो स्टॅग नावाचे कोच आले. ते १९३२ पर्यंत, म्हणजे तब्बल एक्केचाळीस हंगाम, तिथे राहिले. शिकागोने त्यांच्या काळात आपली लीग सात वेळा जिंकली. १९३५ साली देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला पहिल्यांदा ट्रॉफी दिली गेली (तिलाच पुढे हाइझमन ट्रॉफी म्हणू लागले), ती शिकागोच्या जे बर्वँगरला मिळाली. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत हे सगळं संपलं.

विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स ह्यांचं मत असं, की मोठ्या फुटबॉलचा शिक्षणाशी काडीचा संबंध नाही. टीमही तोपर्यंत ढेपाळली होती. १९३९ च्या हंगामात मिशिगनने शिकागोला ८५-० ने धुतलं. डिसेंबरमध्ये हचिन्सनी फुटबॉल बंद केला. १९४० च्या सप्टेंबरमध्ये स्टॅग फील्डवर मॅच झाली नाही. पन्नास हजार माणसं बसतील अशी ती गॅलरी ओस पडली. त्याच गॅलरीखालच्या स्क्वॉशच्या कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळीप्रक्रिया घडवून आणली! गॅलरी ओस पडली नसती तर हा प्रयोग कुठे झाला असता, देव जाणे. पुढे तिथलं मैदानही गेलं आणि त्या जागी विद्यापीठाचं भलंमोठं ग्रंथालय उभं राहिलं. हचिन्सना ह्याहून वेगळं काय हवं असणार?

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९६३ साली काही मुलांनी हौसेने पुन्हा खेळायला सुरुवात केली, तेव्हा दुसऱ्या मुलांनी मैदानात ठिय्या देऊन निषेध केला. फुटबॉल आला की पैसा येणार, पैसा आला की अभ्यास जाणार, ही भीती. शेवटी १९६९ मध्ये, तीस वर्षांनी, शिकागोची अधिकृत टीम परत मैदानात उतरली. मात्र ती आता छोटी टीम होती. शिष्यवृत्त्या नाहीत, लाखांची गर्दी नाही. पुढे डिव्हिजन थ्री स्थापन झाल्यावर शिकागो त्यातच गेलं. म्हणजे हचिन्सचंही खरं ठरलं आणि त्या हौशी पोरांचंही. मोठा फुटबॉल नको होता, फुटबॉल हवा होता. मधल्या तीस वर्षांत तिथे शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांना मात्र वाट बघायलाही काही नव्हतं.

आणि ते स्टॅग? सत्तराव्या वर्षी शिकागोने त्यांना निवृत्त केलं, तर ते कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले आणि अजून चौदा हंगाम कोच राहिले. मग पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना ह्या छोट्या कॉलेजात मुलाच्या हाताखाली मदत करायला लागले. १९६५ साली एकशे दोन वर्षांचे होऊन वारले. डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्याला १९७३ पासून त्यांचंच नाव आहे, स्टॅग बोल.

वाट बघण्याच्या बाबतीत सगळ्यात नशीबवान म्हणजे मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे चाहते. बेनेडिक्टाइन साधूंनी १८५७ मध्ये काढलेलं हे कॉलेज, भोवती झाडी आणि तळी. तिथे जॉन गॅग्लिआर्डी १९५३ मध्ये कोच म्हणून आले आणि २०१२ ला निवृत्त झाले. साठ हंगाम! त्यांची सुरुवातच बंद पडणाऱ्या हंगामातून झाली होती. १९४३ साली ते कोलोरॅडोतल्या एका शाळेत सोळा वर्षांचे विद्यार्थी होते. कोच युद्धावर गेला, शाळा टीम बंद करायला निघाली. तेव्हा ह्या पोराने, मीच शिकवतो, पण बंद करू नका, म्हणून गळ घातली.

त्यांची पद्धत अफलातून होती. सरावात एकमेकांना आडवं पाडायचं नाही, शिट्टी नाही, सक्तीचा व्यायाम नाही, आणि मला 'कोच' म्हणायचं नाही, जॉन म्हणा. असं करून त्यांनी कारकिर्दीत ४८९ सामने जिंकले. अमेरिकेतल्या कुठल्याही पातळीवरच्या कॉलेज कोचने जिंकले नाहीत इतके. २००३ मध्ये, वय सत्याहत्तर, त्यांच्या टीमने स्टॅग बोलमध्ये ओहायोच्या माउंट युनियनला २४-६ ने हरवलं. माउंट युनियनने त्याआधी लागोपाठ पंचावन्न सामने जिंकलेले होते! २०१८ मध्ये गॅग्लिआर्डी गेले. आजोबा, बाप आणि नातू तिघेही एकाच माणसाकडे खेळलेत अशी घरं त्या भागात असतील तर नवल नाही.

पण सेंट जॉन्सलाही धक्का बसायचा तो बसलाच. त्यांचं जुनं वैर सेंट थॉमसशी, १९०१ पासूनचं. दोन्ही कॅथलिक कॉलेजं, एकाच राज्यातली, एकाच लीगमधली. २०१७ ची त्यांची मॅच मिनिॲपोलिसच्या बेसबॉल स्टेडियममध्ये ठेवावी लागली, ३७,३५५ लोक आले. डिव्हिजन थ्रीचा हा विक्रम. पण त्याच वर्षी सेंट थॉमसने लीगमधल्या सेंट ओलाफ कॉलेजला ९७-० ने हरवलं. शिकागोचे ८५-० आठवले ना? ह्या वेळी मात्र हरणाऱ्यांनी खेळ बंद केला नाही. २०१९ च्या मे महिन्यात लीगने जिंकणाऱ्यालाच बाहेरचा रस्ता दाखवला. सेंट थॉमस फार मोठं झालंय, तुम्ही दुसरं घर बघा. मुदत २०२१ पर्यंत.

म्हणजे दोन हंगाम हातात होते. २०१९ ची मॅच झाली, सेंट जॉन्स जिंकलं. चाहत्यांनी हिशोब केला, अजून एक बाकी आहे, २०२० ची. निरोपाची मॅच म्हणून ती बघायची. आणि २०२० च्या उन्हाळ्यात काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. डिव्हिजन थ्रीच्या शरद ऋतूतल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या, त्या वर्षी स्टॅग बोल झालाच नाही. निरोपाची मॅचही नाही. २०२१ मध्ये सेंट थॉमस थेट डिव्हिजन वनमध्ये गेलं. शंभरपेक्षा जास्त वर्षांच्या वैराला नीट शेवटही मिळाला नाही. जे लोक २०१९ ला, पुढच्या वर्षी जाऊ की, म्हणून घरी बसले असतील, त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं.

आणि शेवटची गोष्ट, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आयोवा राज्यात माउंट प्लेझंट नावाचं गाव आहे, तिथे आयोवा वेस्लियन हे १८४२ साली स्थापन झालेलं कॉलेज होतं. १९८९ मध्ये तिथे हॅल मम्मी नावाचे कोच आले, सोबत कायद्याची पदवी घेतलेला पण वकिली न केलेला माइक लीच नावाचा मदतनीस. दोघांनी मिळून तिथे चेंडू सतत हवेत फेकत राहण्याची एक पद्धत बसवली, तिला 'एअर रेड' म्हणतात. पुढे ती केंटकी, ओक्लाहोमा, टेक्सस टेक अशा मोठमोठ्या विद्यापीठांत पोचली, आणि तिच्यातल्या कल्पना आता धंदेवाईक टीमही वापरतात. कॅरोलच्या मैदानावर १९०६ मध्ये जे सुरू झालं त्याचा पुढचा मोठा टप्पाही असा एका छोट्या कॉलेजातच घडला. डिसेंबर २०२२ मध्ये लीच वारले. मे २०२३ मध्ये आयोवा वेस्लियन बंद पडलं. कॉलेजच बंद, तिथे टीम कुठली? तिथली यादी आता जुलैमध्ये लागत नाही.

छोट्या कॉलेजांचं गणित सध्या अवघडच आहे. अठरा वर्षांची मुलं कमी होत चाललीत, फी वाढत चाललीय. गंमत अशी की त्यामुळेच काही कॉलेजं फुटबॉल नव्याने सुरू करताहेत. मोठ्या विद्यापीठात खेळाडूवर पैसे खर्च होतात, इथे खेळाडू पैसे भरतो. हजार-बाराशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजात टीम शंभर जणांची असेल, तर दहातला एक विद्यार्थी फुटबॉलसाठी तिथे आलेला असतो. शंभर मुलांची फी म्हणजे कित्येक प्राध्यापकांचे पगार. ज्या खेळाने शिक्षणाचा नाश होईल म्हणून हचिन्सनी तो बंद केला, तोच खेळ आता काही ठिकाणी कॉलेजचं दार उघडं ठेवायला मदत करतोय. हे ऐकून ते काय म्हणाले असते कोण जाणे!

तेव्हा ह्या वर्षीही ऑगस्टमध्ये सराव सुरू होईल. नवी पोरं पहिल्या आठवड्यात उन्हाने आणि घराच्या आठवणीने हैराण होतील. कुणीतरी गॅलरीच्या फळ्यांना रंग देईल. कुठल्याशा अंदाजात आपल्या टीमला सातव्या नंबरवर टाकलंय म्हणून गावात चिडचिड होईल. त्या चिडचिडीत, मला वाटतं, थोडासा सुटकेचा निःश्वासही असतो. आपली टीम सातव्या नंबरवर का असेना, यादीत आहे. असो. माझ्या माहितीतल्या एका कॉलेजची यादी कालच लागलीय. पहिल्या वर्षाला अडतीस जण आहेत. आता त्यातले टिकतात किती ते बघू.